कथेत संवाद लिहिताना उत्तराकडे लक्ष द्या

नव्याने कथा लिहिणाऱ्यांच्या संवादांत एक गोष्ट वारंवार दिसते. वाक्यं शुद्ध असतात, प्रसंग पटण्यासारखा असतो, कोण कोणाचं कोण आहे तेही कळतं, आणि तरी पान पुढे सरकत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं. एकाने विचारलं की दुसरा सरळ, पूर्ण आणि नेमकं उत्तर देतो. प्रश्न मिटतो आणि त्याबरोबर ताणही मिटतो. म्हणून हा लेख मी एकाच गोष्टीभोवती लिहिला आहे: संवाद शिकायचा तर उत्तर लिहायला शिकावं. झकास वाक्य सुचणं आपल्या हातात नसतं. पण आधीच्या वाक्याला पुढचं वाक्य कसं भिडतं, हे सरावाने नक्की जमतं.

पायऱ्या एकदा तरी दिलेल्या क्रमाने करून बघा. पुढे सवयीने तुमचा क्रम तुम्हीच ठरवाल.

१. आधी ऐका आणि शब्द लिहून काढा

प्रवासात, घरात, कामाच्या ठिकाणी कानावर पडलेलं दोघांचं बोलणं, नंतर निवांत बसून आठवेल तसं लिहून काढा. आशय लिहू नका, शब्द लिहा. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर समोरच्यांना विचारून करा. मित्रांच्या गप्पांतलं एखादंच मिनिट थांबत थांबत कागदावर उतरवलंत, तरी बरंच काही हाती लागेल. वाक्यं अर्ध्यावर सुटतात. एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू होतो. विचारलेल्याचं उत्तर चार वाक्यांनंतर येतं, किंवा येतच नाही. आणि समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांना नावाने हाक फार क्वचित मारतात. नवख्या लेखकाच्या संवादात मात्र दर दुसऱ्या वाक्यात नाव असतं.

संभाषणाच्या वेगाचा अभ्यासही झालेला आहे. जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं मोजून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढं निघालं. आता, एखादी वस्तू बघून तिचं नुसतं नाव उच्चारायलाही माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजेच समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर जुळवायला घेतलेलं असतं.

लेखकासाठी ही माहिती मोलाची आहे. माणूस समोरच्याचं पूर्ण ऐकून, तोलून मग बोलत नाही. तो समोरचा काय म्हणणार याचा अंदाज बांधतो आणि पुष्कळदा त्या अंदाजालाच उत्तर देतो. कुणी दोष दिलेलाच नसताना पात्र म्हणालं, “यात माझी काही चूक नाही हं,” की त्याच्या मनात काय खदखदतंय ते वाचकाला आपोआप कळतं. त्यासाठी वेगळं वर्णन करावं लागत नाही.

ऐकलेलं सगळं कथेत जसंच्या तसं घालायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. नमस्कार-चमत्कार, ‘अं’, ‘म्हणजे’, त्याच त्या गोष्टीची उजळणी हे सगळं गाळायचं. ठेवायचा तो बोलण्याचा घाट: अर्धवटपणा, तिरकी उत्तरं, मधेच वळणारा विषय.

२. प्रत्येक पात्रासाठी दोन ओळी

प्रसंग लिहायला बसण्यापूर्वी कागदाच्या कोपऱ्यात प्रत्येक पात्राबद्दल दोन ओळी लिहा. एक, या घटकेला त्याला समोरच्याकडून काय हवंय. दोन, कोणती गोष्ट तोंडातून निघू नये अशी त्याची धडपड आहे. पहिली ओळ सगळे लिहितात. संवादात जीव येतो तो दुसऱ्या ओळीमुळे.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समीर आपल्या थोरल्या बहिणीकडे आला आहे. पहिल्या खर्ड्यात त्यांचं बोलणं असं उतरलं:

“ताई, मला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळाली आहे आणि पुढच्या महिन्यात मला रुजू व्हायचं आहे.”

“अभिनंदन, समीर! पण मग आईचं काय?”

“तेच बोलायला आलो आहे. तुला माहीतच आहे की बाबा गेल्यापासून सहा वर्षं आई माझ्याकडे राहते. आता तू तिला तुझ्याकडे ठेवून घेशील का?”

“नाही, मला जमणार नाही. आमचं दोघींचं कधीच पटलं नाही.”

यात चूक काहीच नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. दोघंही मनातलं सगळं ओट्यावर मांडून मोकळे झाले. वाचकाला शोधायला काही उरलं नाही.

आता दोन ओळी लिहू. समीरला आईला ताईकडे पोहोचवायचंय. त्याला कबूल करायचं नाहीये की तो थकलाय आणि बाहेरची नोकरी त्याने मुद्दामच शोधली. ताईला हा विषय निघायलाच नकोय. आणि ‘नाही’ हा शब्द तिला उच्चारायचा नाहीये, कारण सहा वर्षं तिने काही केलेलं नाही हे तिला आतून टोचतंय. या ओळी हाताशी ठेवून तोच प्रसंग पुन्हा लिहू. ताई माळ्यावरचं सामान काढायला स्टुलावर चढली आहे, समीर खाली उभा आहे:

“तुमची मागची खोली रिकामीच असते ना?”

“रिकामी कुठली! मुलीचं सगळं सामान असतं तिथे.”

“ती हॉस्टेलवर गेली ना पण?”

“सुट्टीत येते की.” ताईने वरून एक खोकं खाली दिलं. “हे धर. आई कशी आहे?”

“बरी आहे. मला एक तारखेला तिकडे रुजू व्हायचंय.”

“अरे वा.”

“ताई.”

“स्टूल नीट धर. हलतंय ते.”

नोकरी, आई, मागणी, नकार हे सगळं इथेही आहे. पण मागणी बोलून दाखवलेली नाही आणि नकारही उच्चारलेला नाही. ताई पहिल्याच प्रश्नाला ओळखते की गाडी कुठे चालली आहे. खोलीबद्दलच्या तिच्या दोन्ही उत्तरांत ती खोलीबद्दल बोलतच नाहीये.

३. प्रत्येक सांधा तपासा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, तेव्हा इथे जरा जास्त वेळ थांबू.

१९७० च्या दशकात हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या अभ्यासकांनी रोजच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं श्वास-उसाशांसकट कागदावर उतरवली. बोलणं बहुतांशी जोड्यांनी चालतं, असं त्यांनी दाखवून दिलं: प्रश्न आणि उत्तर, आमंत्रण आणि होकार किंवा नकार, तक्रार आणि सारवासारव. जोडीचा पहिला भाग उच्चारला गेला की दुसऱ्याची वाट बघितली जाते. तो आला नाही तर ते न येणंही ऐकू येतं. कथेतल्या मौनाला वजन येतं ते यामुळेच. नुसतं ‘दोघं गप्प होते’ असं लिहून ते वजन येत नाही. आधी कुणीतरी काहीतरी विचारलेलं असावं लागतं.

त्याच परंपरेतल्या अभ्यासाने दाखवलेली आणखी एक गोष्ट: होकार चटकन आणि थोडक्यात येतो. नकार उशिरा येतो, आणि येताना सोबत प्रस्तावना, कारणं, ‘तसं नाही, पण’ असं बरंच काही घेऊन येतो. “उद्या येशील?” याला “येईन” हे एका शब्दाचं उत्तर. न येणारा माणूस म्हणेल, “उद्या ना... उद्या जरा बघावं लागेल, दुपारी एक जण यायचाय, तो कधी मोकळा करतो त्यावर आहे.” इथे ‘नाही’ कुठेच नाही, आणि तरी विचारणाऱ्याला कळलेलं असतं. हा साचा उलटा करून बघा. एखादं पात्र अजिबात न थांबता, कारण न देता “नाही” म्हणालं, की ते ‘नाही’ थपडेसारखं लागतं. आणि होकार फार लांबला, तर तो होकार खरा नाही असं वाचक धरून चालतो.

माणसं बोललेल्यापलीकडचा अर्थ कसा काढतात, याची मांडणी पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने केली. त्याचा त्यावरचा निबंध १९७५ साली छापून आला. समोरचा पुरेसं बोलेल, खरं बोलेल, विषयाला धरून बोलेल आणि स्पष्ट बोलेल, असं आपण गृहीत धरलेलं असतं. यातलं एखादं उघडपणे मोडलेलं दिसलं, की ‘हा असं का बोलतोय’ याचा शोध ऐकणारा आपसूक घ्यायला लागतो. वाचकही तेच करतो. म्हणून ही चार गृहीतकं लेखकाच्या फार कामाची आहेत. कुठलं आणि कधी मोडायचं, एवढं ठरवावं लागतं.

विचारल्यापेक्षा कमी सांगितलं तर पात्र लपवतंय असं वाटतं (“काल कुठे होतास?” “बाहेर.”). जास्त सांगितलं तर कहाणी रचून आणल्यासारखी वाटते. उघड खोटं बोललं तर कधी टोमणा होतो, कधी माया. ताप चढलेल्या आईने “मला काय धाड भरलीये” म्हणावं, तशी. मोघम बोललं तर खोलीत तिसरं कुणीतरी ऐकतंय, अशी शंका येते. आणि विषय सोडून बोललं, की ताईचं “स्टूल नीट धर” तयार होतं. मला यातलं हे शेवटचं सर्वांत परिणामकारक वाटतं, कारण हाताशी असलेलं काम त्याला आडोसा देतं. म्हणून माणसांना खुर्च्यांवर समोरासमोर बसवून बोलायला लावण्यापेक्षा त्यांच्या हातात काहीतरी काम द्या. गाठ सोडवणं, कागद शोधणं, बाळाला झोपवणं, काहीही. विषय टाळायला जागा मिळते, आणि काम थांबलं की तेवढ्यानेही काहीतरी सांगून होतं.

तुमच्या खर्ड्यात पेन्सिलीने प्रत्येक उत्तरासमोर खूण करा: हे सरळ उत्तर आहे की तिरकं? सगळीच सरळ असतील तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे. पण सगळीच तिरकी असतील तर तेही थकवतं. वाचकाला कोडी सोडवत बसावं लागतं आणि पात्रं उगाच गूढ वाटायला लागतात. एका प्रसंगात एक तरी सरळ उत्तर हवं, आणि ते कुठे येतं यावर प्रसंगाचा कणा ठरतो. बरीच टाळाटाळ झाल्यावर ताई स्टुलावरून उतरून म्हणाली, “मला भीती वाटते तिची,” तर ते एक सरळ वाक्य आधीच्या सगळ्या तिरक्या उत्तरांचा हिशोब चुकता करतं.

४. माहिती संवादात कोंबू नका

‘तुला माहीतच आहे की’ हे शब्द खर्ड्यात दिसले की तिथे थांबा. समोरच्याला माहीत असलेलं पात्र बोलून दाखवतंय, म्हणजे ते वाचकाशी बोलतंय. अशी माहिती सरळ निवेदनात एका ओळीत सांगून टाकावी, त्यात काही कमीपणा नाही. किंवा ती भांडणात वापरण्याजोगी होईपर्यंत राखून ठेवावी. बाबा गेल्यापासून आई सहा वर्षं समीरकडे आहे, हे वाक्य पहिल्या खर्ड्यात मेलेलं होतं. तेच पुढे असं आलं तर बघा:

“अचानक असं कसं जमेल रे?”

“सहा वर्षं मी विचारलं का कधी, कसं जमेल?”

माहिती पोहोचली, आणि ती पोहोचताना लागलीसुद्धा.

५. आवाज वेगळे करा

पात्रांची नावं झाकून संवाद वाचा. कोण बोलतंय ते ओळखू येतं का? येत नसेल तर दोन्हीकडून तुम्हीच बोलताय.

आवाज वेगळा करण्यासाठी तकियाकलाम चिकटवणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत लवकर शिळा होणारा उपाय आहे. त्यापेक्षा सवयी बघा. कोण प्रश्न विचारतं आणि कोण कधीच विचारत नाही? कोण वाक्य पूर्ण करतं? कोण ‘मी’ने सुरुवात करतं, आणि कोण स्वतःबद्दल बोलतानाही ‘आपण’, ‘माणसाने’ असं म्हणतं? कोण उत्तरादाखल गोष्ट सांगायला लागतं?

मराठी लेखकाच्या हाती काही साधनं आयती आहेत. ‘येशील का’, ‘येशील ना’ आणि ‘येशीलच’ या तिन्हींत बोलणाऱ्याचं समोरच्याशी नातं वेगळं आहे, एका अक्षराच्या फरकाने. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांचंही तसंच. ते बदलतात त्या जागा जपून निवडा. वर्षानुवर्षं ‘अरे-तुरे’ करणाऱ्या ताईने दारातच “या, बसा. आज कशी वाट चुकलात?” असं म्हटलं, तर राग वेगळा सांगायची गरज नाही. तसंच ‘तुम्ही’वरून कुणी पहिल्यांदा ‘तू’वर आलं, तर तो कथेतला एक प्रसंग असतो. तो हातून निसटू देऊ नका.

बोलीबद्दल दोन शब्द. पात्र ज्या बोलीत बोलतं ती तुमच्या कानात नसेल तर ऐकीव रूपं जुळवून लिहू नका. ती बोली बोलणाऱ्या माणसाला वाचून दाखवा आणि तो सांगेल तसं बदला. प्रत्येक शब्दाचं रूप मोडण्यापेक्षा क्रियापदाची एखाद-दोन रूपं, एखादं अव्यय आणि वाक्याची चाल एवढं सातत्याने पाळलं तरी बोली ऐकू येते. आणि बोली बोलणारं पात्र केवळ हसवण्यासाठी आणू नका. त्या भाषेत माणसं जगतात, रडतात, व्यवहार करतात.

निवेदनाची भाषा ‘असे केले’ वळणाची असली तरी पात्राच्या तोंडी ‘असं केलं’च शोभतं. प्रमाणलेखनाच्या नियमांतही पात्राच्या तोंडची भाषा अशी उच्चाराप्रमाणे, अनुस्वार देऊन लिहायला मोकळीक आहे. फक्त एकाच पात्राच्या तोंडी दोन्ही रूपांची सरमिसळ नको.

६. ‘म्हणाला’ आणि विरामचिन्हं

‘म्हणाला’, ‘म्हणाली’ हे शब्द वाचकाला दिसतच नाहीत, म्हणून ते उत्तम. उद्गारला, वदला, गरजला, पुटपुटली अशी विविधता आणायला गेलं की लक्ष संवादावरून उडून क्रियापदावर जातं. ‘रागाने म्हणाला’ लिहावंसं वाटलं तर आधी वाक्यात राग आहे का ते बघा. असेल तर शब्द जास्तीचा आहे. नसेल तर वाक्य बदला.

मराठीत क्रियापदावरूनच बाई की पुरुष ते कळतं, त्यामुळे एक बाई आणि एक पुरुष बोलत असतील तर नावं फारशी लागत नाहीत. दोघी बहिणी बोलत असतील तर मात्र तीन-चार वाक्यांनंतर कुणाचं तरी नाव किंवा कृती द्या, नाहीतर वाचकाला मागे जाऊन मोजत यावं लागतं.

‘म्हणाली’ कुठे ठेवता यानेही लय बदलते. “मी येईन, पण थांबणार नाही,” ती म्हणाली. हे एका दमात येतं. “मी येईन,” ती म्हणाली, “पण थांबणार नाही.” इथे मधे श्वास पडतो आणि दुसरा भाग अटीसारखा ऐकू येतो. दोन्ही मोठ्याने म्हणून बघा.

विरामचिन्हांचं थोडक्यात: बोलणारा बदलला की नवा परिच्छेद. बोललेलं दुहेरी अवतरणचिन्हांत, त्याच्या आत दुसऱ्याचं बोलणं आलं तर एकेरीत. वाक्य अर्ध्यावर तुटलं तर तीन टिंबं, पण पानावर ती एक-दोनदाच दिसावीत. उद्गारचिन्ह एकच पुरतं.

७. कापा, आणि मग मोठ्याने वाचा

प्रसंग लिहून झाला की पहिल्या तीन ओळी झाकून बघा. चौथीपासून सुरू केलं तर काही बिघडतं का? बहुधा नाही. माणसं आत येणं, बसणं, विचारपूस करणं हे लेखकाला सूर लागावा म्हणून लिहिलेलं असतं. शेवटच्या दोन ओळींचंही असंच करा. तिथे बहुतेक वेळा पात्रं आधीच घडून गेलेल्याचा अर्थ समजावत असतात. मधला जो भाग फक्त निरोपासारखा आहे, तो निवेदनात घ्या: ‘सामान कधी न्यायचं ते दोघांनी ठरवलं.’ एवढ्याने काम भागतं, आणि अवतरणचिन्हं खऱ्या खटक्यांसाठी उरतात.

मग मोठ्याने वाचा. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा आणि तुम्ही फक्त ऐका. वाचणारा जिथे अडखळतो तिथे वाक्य बोलण्याजोगं नाही. जिथे तो आपणहून आवाज खाली आणतो किंवा थांबतो, तिथे काहीतरी जमलंय. त्या जागेला हात लावू नका.

सरावासाठी हे करून बघा. एका पात्राला दुसऱ्याकडून उसने दिलेले पैसे परत हवे आहेत. बारा ओळींचा संवाद लिहा, ज्यात ‘पैसे’, ‘परत’ आणि ‘उसने’ हे शब्द एकदाही यायचे नाहीत. दोघांच्या हातात काहीतरी काम असू द्या. झालं की त्याच दोघांची नाती बदलून पुन्हा लिहा: आधी मित्र, मग सासरा आणि जावई, मग जुनी मालकीण आणि तिच्याकडे एके काळी काम केलेली, आता स्वतःचा धंदा असलेली बाई. तिन्ही खर्डे शेजारी ठेवा आणि फक्त उत्तरं वाचत जा. जे उत्तर एका खर्ड्यातून उचलून दुसऱ्यात जसंच्या तसं बसतंय, ते अजून कुणाचंच झालेलं नाही. तिथून पुन्हा लिहायला घ्या.